खुर्चीतला माणूस : स्नूकरपटूंची आत्मकथने आणि नैराश्याची भाषा

स्नूकरच्या टेबलापासून काही पावलांवर दोन खुर्च्या ठेवलेल्या असतात. एक खेळाडू टेबलापाशी असेल तेव्हा दुसऱ्याने आपल्या खुर्चीत बसून राहायचे, हा या खेळाचा साधा नियम. समोरच्याची चूक होईपर्यंत बसलेल्याला करण्यासारखे काही नसते. टेनिसमध्ये आलेला चेंडू परतवता येतो. बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याच्या वेळात आपली पुढची चाल मनात मांडता येते. कुस्तीत तर दोघे सतत एकमेकांच्या अंगाशी असतात. स्नूकरमध्ये हरणारा माणूस आपले हरणे प्रेक्षकासारखे बसून पाहतो आणि त्याच वेळी सभागृहातले शेकडो लोक व टीव्हीचा कॅमेरा त्याचा चेहरा पाहत असतात.

या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते, याविषयी गेल्या पंचवीसेक वर्षांत खुद्द खेळाडूंनी बरेच सांगितले आहे. त्यात रॉनी ओसलिव्हनची तीन पुस्तके आहेत : 'रॉनी' (२००३), 'रनिंग' (२०१३) आणि 'अनब्रेकेबल' (२०२३). त्याच्यावरचा 'द एज ऑफ एव्हरीथिंग' (२०२३) हा सॅम ब्लेअर दिग्दर्शित माहितीपट आहे. आधीच्या पिढीतल्या विली थॉर्न, जिमी व्हाइट यांची आत्मचरित्रे आहेत. आणि मार्क सेल्बीने जानेवारी २०२२मध्ये समाजमाध्यमावर लिहिलेल्या चार ओळी आहेत. माझ्या मते या सगळ्या मजकुरात त्या चार ओळींचे मोल फार मोठे आहे. ते का, हे या लेखात मांडायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : स्नूकरपटूंच्या नैराश्याकडे आपण 'प्रतिभेची किंमत' म्हणून पाहत आलो. हे वाचन आकर्षक आहे, पण चुकीचे आहे. त्याने आजारी माणसाचे नुकसान केले आणि खेळाच्या रचनेला प्रश्न विचारण्यापासून वाचवले.

१. शब्दांची अडचण

हा खेळ आपल्याकडेच जन्मला. १८७५च्या पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलिन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर जादा रंगीत चेंडू मांडून तो सुरू केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलिन ते वेगळे.) नियम पुढे उटकमंडच्या क्लबात पक्के झाले. पावसात अडकलेल्या अधिकाऱ्यांचा वेळ घालवण्याचा हा उद्योग शंभर वर्षांनी टीव्हीवरचा मोठा खेळ झाला. १९७७पासून जागतिक स्पर्धा शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात होते. ती सतरा दिवस चालते, आणि अंतिम सामना ३५ फ्रेमचा, दोन दिवसांचा असतो.

खेळाबरोबर त्याची भाषाही घडत गेली. इंग्रजी बोलीत ऐन वेळी लागणाऱ्या धीराला 'बॉटल' म्हणतात. सोपा चेंडू चुकला की खेळाडूची 'बॉटल' गेली, असे क्लबात सहज बोलले जाते. समालोचक थोडे सभ्य बोलतात. ते 'टेम्परामेंट' म्हणतात. दोन्ही शब्दांत गृहीत एकच : जे बिघडले ते चारित्र्यात बिघडले. खेळाडूची झोप उडाली आहे का, अन्न जात नाही का, सकाळी अंथरुणातून उठणे अशक्य झाले आहे का, हे विचारायला त्या भाषेत जागा नाही.

मराठीत अडचण आणखी वेगळी आहे. 'नैराश्य' हा शब्द आपण आजारासाठी वापरतो, पण तो 'निराशे'च्या इतका जवळ आहे की वाचक दोन्ही एकच समजतो. क्रीडापानावर रोज कोणाची तरी कामगिरी 'निराशाजनक' असते. म्हणून एखाद्या खेळाडूला नैराश्य आले असे वाचले की आपल्याला वाटते, हरला असेल. प्रत्यक्षात या मजकुरातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे की त्यांतले कित्येक जिंकतानाही आजारी होते. ओसलिव्हनने आपले पहिले जागतिक विजेतेपद २००१ साली जॉन हिगिन्सला १८-१४ असे हरवून मिळवले. त्याच सुमारास तो नैराश्यावरची औषधे घेत होता, आणि तसे त्याने लपवलेही नाही.

२. व्यसनाच्या गोष्टी

आधीच्या पिढीला 'नैराश्य' हा शब्दच उपलब्ध नव्हता, असे म्हटले तरी चालेल. त्यांच्या गोष्टी व्यसनाच्या आहेत. १९७२ आणि १९८२चा विजेता अ‍ॅलेक्स हिगिन्स दारू, भांडणे आणि दंड यांच्या किश्श्यांतून लोकांना माहीत झाला. २०१०मध्ये बेलफास्टला त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो कर्करोगाने आणि दारिद्र्याने खंगला होता. जिमी व्हाइट सहा वेळा जागतिक अंतिम सामन्यात पोहोचला आणि सहाही वेळा हरला. १९९४मध्ये, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, निर्णायक फ्रेममध्ये त्याचा काळा चेंडू चुकला आणि स्टीफन हेंड्री १८-१७ने जिंकला. या माणसांविषयीचे लेखन वाचताना हसू येते, कारण ते हसवण्यासाठीच लिहिलेले आहे. रात्रभर चाललेल्या पार्ट्या, हरवलेले पैसे, पहाटेची विमाने. खेळाडू स्वतःही आपली गोष्ट तशीच सांगतात. दुःख विनोदात गुंडाळले की ते क्लबात सांगता येते.

विली थॉर्नचे उदाहरण इथे बोलके आहे. १९८५च्या यूके स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध १३-८ने पुढे होता. एक सोपा निळा चेंडू त्याच्याकडून चुकला, आणि तिथून डेव्हिसने सामना १६-१४ असा जिंकला. त्या निळ्या चेंडूची गोष्ट पुढची पस्तीस वर्षे गंमत म्हणून सांगितली गेली; थॉर्न स्वतः समालोचक झाला आणि तोही ती सांगे. त्याच काळात तो जुगाराच्या कर्जात बुडत होता. २००२मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. २०११ साली आलेल्या त्याच्या आत्मचरित्राच्या शीर्षकातसुद्धा पैज लावण्याचा शब्द आहे. आयुष्यच त्याने डावावर लावल्यासारखे. जून २०२०मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तो गेला.

हे आत्मचरित्र प्रामाणिक आहे, पण त्याची चौकट जुनी आहे : माणसाला एक खोड होती, खोडीने त्याला बुडवले. खोड आणि आजार यांचे नाते कसे होते, आधी कोण आले, हा प्रश्न त्या चौकटीत मावत नाही. आणि खोडीला पोसणारे हात त्या चौकटीच्या बाहेर राहतात. जागतिक स्पर्धेला २००५पर्यंत सिगारेटच्या कंपनीचे प्रायोजकत्व होते. तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्यावर पुढची अनेक वर्षे ते सट्टेबाजीच्या कंपन्यांनी घेतले. जुगारात बुडालेल्या माणसाची करुण कहाणी ज्या टेबलाभोवती सांगितली जात होती, त्याच टेबलाभोवती पैजेच्या कंपनीचे नाव झळकत होते.

३. एकाच माणसाची तीन पुस्तके

ओसलिव्हनने हा शब्द मोकळेपणाने उच्चारला, हे त्याचे श्रेय मोठे आहे. सतरा वर्षांचा असताना, १९९३मध्ये, त्याने हेंड्रीला हरवून यूके स्पर्धा जिंकली. त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या वडिलांना खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली होती. ते अठरा वर्षांनी, २०१०मध्ये सुटले. आईलाही करचुकवेगिरीसाठी काही काळ तुरुंगात जावे लागले. १९९७मध्ये त्याने १४७चा सर्वोच्च ब्रेक सव्वापाच मिनिटांच्या आत-बाहेर पूर्ण केला. इतकी सामग्री हाती असताना 'शापित प्रतिभावंत' ही गोष्ट लिहायला पत्रकारांना फारसे कष्ट पडले नाहीत.

पत्रकार सायमन हॅटनस्टोन यांच्या साहाय्याने लिहिलेले 'रॉनी' हे पहिले पुस्तक कबुलीजबाबाच्या रूपातले आहे. वडील, तुरुंग, दारू, अमली पदार्थ, उपचारकेंद्र, गोळ्या. मी ते प्रथम वाचले तेव्हा मलाही ते प्रतिभेचे स्पष्टीकरण वाटले होते. एवढे दुःख भोगले म्हणूनच तो असा खेळतो, असे मी मित्रांना सांगितलेले आठवते. पुन्हा वाचताना लक्षात येते की पुस्तक तसे कुठेच म्हणत नाही. उलट त्यात वारंवार येणारी तक्रार अशी आहे की आजार खेळ बिघडवतो. चांगले खेळल्याचा आनंद लागत नाही, वाईट खेळल्याचे ओझे उतरत नाही. प्रतिभेचा आणि दुःखाचा सांधा वाचकाने जोडलेला आहे.

दहा वर्षांनी आलेल्या 'रनिंग'चा सूर बदललेला आहे. कबुली मागे पडून दिनक्रम पुढे येतो. शीर्षकाप्रमाणेच हे धावण्याचे पुस्तक आहे : स्थानिक क्लब, चिखलातल्या शर्यती, वेळा, मिनिटे-सेकंद. २०११पासून तो स्टीव्ह पीटर्स या मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊ लागला होता. २०१२चे विजेतेपद मिळवल्यावर त्याने जवळजवळ संपूर्ण हंगाम रजा घेतली, काही आठवडे एका परिचिताच्या डुक्करपालनाच्या शेतावर काम केले, आणि परत येऊन २०१३ची जागतिक स्पर्धा पुन्हा जिंकली. जगाने याला प्रतिभेचा चमत्कार म्हटले. पुस्तक नीट वाचले तर ही पथ्याची गोष्ट आहे. नियमित झोप, शरीराचा थकवा, टेबलापासून लांब घालवलेले दिवस, आणि बोलायला एक जाणकार माणूस. मधुमेहाच्या रोग्याने जेवणाची वेळ सांभाळावी तसे हे आहे. त्यात नाट्य नाही, म्हणूनच समीक्षकांनी या पुस्तकातला हा भाग फार उचलला नाही असे मला वाटते.

तिसरे पुस्तक, 'अनब्रेकेबल', उपदेशाकडे झुकते; मिळालेले धडे वाचकाला देते. तीनांतले मला हे सर्वांत कमी पटले, कारण त्याचे शीर्षकच एक आश्वासन देते जे हा आजार पाळू देत नाही. जानेवारी २०२५मध्ये ओसलिव्हनने एका स्पर्धेत हरता हरता आपली क्यू मोडली आणि त्यानंतर मास्टर्समधून माघार घेतली. वसंतात तो क्रूसिबलला परतला आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. यात पुस्तक खोटे ठरले असे नाही. पण आत्मचरित्राला शेवटचे प्रकरण असते, आजाराला ते असेलच असे नाही.

४. दोन खुर्च्या, मे २०१४

'प्रतिभेची किंमत' या सिद्धांताची परीक्षा घ्यायची तर २०१४चा जागतिक अंतिम सामना पाहावा. एका खुर्चीत ओसलिव्हन, दुसऱ्या खुर्चीत लेस्टरचा मार्क सेल्बी. ओसलिव्हन १०-५ने पुढे गेला. मग सेल्बीने खेळ बांधून टाकला. लांबलेल्या सेफ्टी, थोडेथोडे गुण, पांढरा चेंडू दर वेळी अडचणीच्या जागी. प्रतिस्पर्ध्याला खुर्चीतून उठल्यावर मारायला काही उरू नये असा तो खेळ होता. सेल्बी १८-१४ने जिंकला. समालोचनाने या सामन्याला नेहमीची रूपे दिली : एकीकडे तळपती, दुखरी प्रतिभा, दुसरीकडे थंड डोक्याचा, पोलादी मनाचा कष्टकरी.

आठ वर्षांनी कळले की पोलाद वगैरे काही नव्हते. जानेवारी २०२२मध्ये मास्टर्सच्या उपांत्यपूर्व फेरीत बॅरी हॉकिन्सकडून १-६ असा हरल्यावर सेल्बीने त्या चार ओळी लिहिल्या. मन ठीक नाही, आजार पुन्हा उलटला आहे, सगळे आत दाबून चेहरा हसरा ठेवणे हा मार्ग नव्हे, मी मदत घेईन, असा त्यांचा आशय होता. पुढे मुलाखतींतून उरलेले कळले, किंवा आधी माहीत असलेल्याचा अर्थ कळला : आठ वर्षांचा असताना आई घर सोडून गेली, सोळाव्या वर्षी, व्यावसायिक खेळाडू होण्याच्या तोंडावर, वडील कर्करोगाने गेले. त्या मुलाने दुःख बाजूला ठेवून सराव सुरू ठेवला आणि त्याची शिस्त सगळ्यांना आवडली.

इथे सिद्धांत कोसळतो. आजार जर तळपत्या, बेभान खेळाची किंमत असेल, तर स्नूकरमधल्या सर्वांत संयमी खेळाडूने ती का मोजावी? दोन टोकांच्या शैलींचे दोन माणसे, दोघेही त्याच आजाराने ग्रस्त. शैलीवरून आजार ओळखता येत नाही आणि आजारावरून शैली सांगता येत नाही. त्या रात्री आपण एकाचे दुःख कला म्हणून पाहिले आणि दुसऱ्याचे पाहिलेच नाही. याला जबाबदार आपली वाचनपद्धती आहे. ज्याचा चेहरा 'प्रतिभावंता'च्या साच्यात बसत नाही, त्याच्या दुःखाला आपल्याकडे रकाना नसतो.

सेल्बीच्या मजकुरातली आणखी एक गोष्ट मला छळते. त्याची सुरुवात क्षमायाचनेने होते. मित्रांची आणि कुटुंबाची निराशा केली म्हणून माफी, आणि शेवटी, आपण अधिक चांगला माणूस होऊ असे वचन. अपेंडिक्स सुजले म्हणून कोणी नातेवाइकांची माफी मागत नाही. क्षय झाला म्हणून चांगला माणूस होण्याचे वचन देत नाही. मौन सोडतानाही सेल्बीला जुनी भाषाच हाताशी लागली, जिच्यात आजार म्हणजे चारित्र्यातली खोट असते. म्हणून त्या चार ओळी मला तीन आत्मचरित्रांइतक्या मोलाच्या वाटतात. त्यांना कोणी संपादकाने हात लावलेला नाही. नवा शब्द आणि जुना अपराधभाव त्यांत शेजारी शेजारी उभे आहेत.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये सेल्बी क्रूसिबलला उतरला आणि दुसऱ्या फेरीत यान बिंगताओकडून हरला. त्या सामन्यातली एक फ्रेम ८५ मिनिटे चालली. क्रूसिबलच्या तोवरच्या इतिहासातली ती सर्वांत लांब फ्रेम होती. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्याने १४७चा ब्रेक केला, जागतिक अंतिम सामन्यातला पहिलाच, आणि सामना लूका ब्रेसेलकडून १५-१८ असा गमावला. वर्तमानपत्रांनी 'पुनरागमन' लिहिले. पण विजय हा बरे होण्याचा पुरावा नाही, तसा पराजय हा आजाराचाही नाही. २००१च्या ओसलिव्हनने ते आधीच दाखवले होते.

५. डोक्याबाहेरच्या गोष्टी

डॉ. पीटर्स यांनी २०१२च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात मनातल्या भावनिक यंत्रणेला चिंपांझीची उपमा दिली आहे : त्याला हाकलता येत नाही, सांभाळावे लागते. अनेक खेळाडूंना याचा उपयोग झाला. उपमेला मर्यादा एकच : सगळे काही डोक्याच्या आत आहे असे तिच्यामुळे वाटू लागते. बाहेरही पाहायला हवे.

व्यावसायिक दौऱ्यावर साधारण १२८ खेळाडू असतात आणि नव्याने आलेल्याला दोन वर्षांचे सभासदत्व मिळते; तेवढ्यात क्रमवारीत वर चढला नाही तर बाहेर. जागतिक विजेत्याला पाच लाख पौंड मिळतात. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक खेळाडूला वर्षाला किमान वीस हजार पौंड मिळतील अशी हमी देण्यात आली; त्याआधी अनेक स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती काहीच पडत नसे. प्रवास, हॉटेल, सरावाचे टेबल, सगळे स्वतःच्या खिशातून. संघ नाही, ड्रेसिंग रूममधली थट्टामस्करी नाही. दिवसाचे कित्येक तास एकट्याने, बहुधा खिडकी नसलेल्या खोलीत, सराव करायचा. परदेशी खेळाडूला तर इंग्लंडमध्येच बिऱ्हाड करावे लागते. मुंबईचा आदित्य मेहता या दौऱ्यावर झगडला आणि २०१३च्या इंडियन ओपनमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला. पंकज अडवाणी दोन हंगामांनंतर, २०१४मध्ये, दौरा सोडून घरी परतला. त्यांना आजार होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. दौरा सोडून घरी येणे हा शहाणपणाचा निर्णयही असू शकतो, एवढेच सांगायचे आहे. यशाच्या कथांत अशा परतीला स्थान नसते.

या गोष्टींनी प्रत्येकाला नैराश्य येते असे नाही. ज्याला ते येते त्याला सावरायला मात्र त्या फार थोडी जागा ठेवतात. आणि आत्मचरित्रांत त्या तळटीपेपुरत्याच येतात, कारण नायकाच्या कथेत रचना हा नीरस विषय असतो.

६. मिठी

ब्लेअरच्या माहितीपटात २०२२च्या अंतिम सामन्यात ओसलिव्हनच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावलेला आहे. पहिल्या दिवशी जड ट्रम्पविरुद्ध १२-५ची आघाडी असूनही दुसऱ्या दिवशी पडद्यामागे तो भीतीने ग्रासलेला दिसतो. प्रेक्षकांना आकडे दिसत होते. त्याला दिसत होते ते वेगळेच. १८-१३ने जिंकून वयाच्या ४६व्या वर्षी सातवे विजेतेपद मिळाल्यावर तो ट्रम्पला मिठी मारतो आणि बराच वेळ सोडत नाही. त्या दिवशी टीव्हीवर आपण ती खिलाडूपणाची मिठी म्हणून पाहिली होती. माहितीपटात तिचा आवाज ऐकू येतो : आता हे झेपत नाही, याने माझा जीव जाईल, असे काहीसे तो रडत सांगतो आहे. ऐकणारा, नुकताच हरलेला ट्रम्प, त्याला धरून उभा आहे.

चित्रपटात दोष आहेत. पार्श्वसंगीत आणि कटिंग प्रेक्षकाला पुन्हा प्रतिभेच्या दंतकथेकडे ढकलतात. पण या एका प्रसंगात तो पुस्तकांच्या पुढे जातो. विजेत्याच्या तोंडी विजयाच्या क्षणी आजाराचे शब्द आहेत, आणि ते ऐकून घ्यायला जो जवळ आहे तो दुसऱ्या खुर्चीतून उठून आलेला माणूस आहे.

मराठीत खेळावर लिहिणाऱ्यांनी यातून निदान शब्दांचा हिशेब नीट ठेवावा. हरल्यावर होते ती निराशा. ऐन वेळी सुटतो तो धीर. आणि नैराश्य हा आजार. त्याला डॉक्टर, वेळ आणि माणसे लागतात. तीन गोष्टींना तीन शब्द आपल्याकडे आहेत. पुढच्या वेळी कॅमेरा खुर्चीतल्या चेहऱ्यावर थांबेल तेव्हा त्या चेहऱ्यावरून माणसाचे निदान करण्याचा मोह आपण टाळावा. २०१४मध्ये आपण दोन चेहरे दोन दिवस पाहत होतो आणि त्यांतला एक आपल्याला मुळीच वाचता आला नव्हता.